नेनु, नाकु, नन्नु: तेलुगू शिकताना मराठी माणसाने या चुका टाळा

नोकरीसाठी हैदराबादला गेलेले, देगलूर-बिलोलीकडून तेलंगणात ये-जा करणारे, बदली होऊन सिरोंच्याला आलेले, सगळ्यांनाच पहिल्या आठवड्यात कळतं की ‘नेनु’ म्हणजे मी. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. ‘मी’ची रूपं तेलुगूत मराठीच्या इतकी जवळून जातात की माणूस निर्धास्त होतो, आणि जिथे दोन्ही भाषांच्या वाटा वेगळ्या होतात तिथे नेमका चुकतो.

लेखनाबद्दल आधी थोडं. तेलुगूत ए आणि ओ हे स्वर आखूडही असतात आणि लांबही. खाली ‘ए, ओ’ लिहिलंय तिथे लांब उच्चार करा, ‘ऎ, ऒ’ लिहिलंय तिथे आखूड. शेवटचा उकार ऱ्हस्वच ठेवायचा. मराठी जीभ ‘नेनू’ असं ताणते किंवा उकार खाऊन ‘नेन्’ म्हणते, ते दोन्ही कानाला खटकतं. स्वराच्या लांबीने अर्थही बदलतो: ‘नन्नु’ म्हणजे मला, ‘नान्न’ म्हणजे वडील.

‘मी’ म्हणजे तुमचं

सर्वांत आधी ही गाठ सोडवा. तेलुगूत ‘मी’ म्हणजे तुमचा, तुमची, तुमचं. ‘मी पेरु एमिटि?’ म्हणजे ‘तुमचं नाव काय?’ आणि ‘मी इल्लु’ म्हणजे तुमचं घर. घाईत तोंडातून मराठी ‘मी’ निघाला की ऐकणाऱ्याला वाटतं, बोलणं त्याच्याबद्दल चाललंय. एकवचनी ‘तुझं’साठी ‘नी’ आहे आणि ‘माझं’साठी ‘ना’. ना, नी, मा, मी ही चार अक्षरं रोज मोठ्याने म्हणा: माझं, तुझं, आमचं, तुमचं. ती पक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एका ‘मला’चे दोन तुकडे

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. मराठीत ‘त्याने मला दिलं’ आणि ‘त्याने मला पाहिलं’ या दोन्ही वाक्यांत एकच ‘मला’ चालतो. तेलुगूत तो दोन ठिकाणी विभागला जातो. दिलं, सांगितलं, मिळालं, समजलं, आवडलं असं काही आपल्यापर्यंत पोचत असेल तर ‘नाकु’. क्रिया थेट आपल्यावरच होत असेल तर ‘नन्नु’.

म्हणून ‘त्याने मला दिलं’ हे ‘नाकु इच्चाडु’ आणि ‘मला सांगितलं’ हे ‘नाकु चॆप्पाडु’. पण ‘मला पाहिलं’ होतं ‘नन्नु चूशाडु’, ‘मला बोलावलं’ होतं ‘नन्नु पिलिचाडु’, ‘मला मारलं’ होतं ‘नन्नु कॊट्टाडु’. ‘नाकु पिलिचाडु’ ही मराठी माणसाची हमखास चूक.

दोन क्रियापदं मात्र वेगळी पाठ करावीच लागतात, कारण तिथे मराठी कान दगा देतो. ‘मला विचारलं’ हे ‘नन्नु अडिगाडु’, ‘नाकु’ नाही. ‘मला भेटला’ हेही ‘नन्नु कलिशाडु’. विचारण्यात प्रश्न आपल्यापर्यंत पोचतो असं मराठीत वाटतं. तेलुगूत विचारणारा माणसालाच धरून विचारतो.

अनेकवचनातही हीच वाटणी आहे. ‘आम्हाला’ साठी ‘माकु’ आणि ‘मम्मल्नि’, ‘आपल्याला’ साठी ‘मनकु’ आणि ‘मनल्नि’. ‘मम्मल्नि’ जड वाटतं म्हणून ‘मेमु’ला काहीतरी प्रत्यय चिकटवायचा मोह होतो. तो आवरा. ‘नेनुकु’ किंवा ‘मेमुनि’ असं रूपच नाही, जसं मराठीत ‘मीला’ नाही.

जिथे ‘नाकु’ म्हणायचंच नाही

‘नाकु’ची गंमत अशी की अनेक ठिकाणी ते मराठीशी हुबेहूब जुळतं. ‘मला तेलुगू येतं’ म्हणजे ‘नाकु तॆलुगु वच्चु’, आणि इथे ‘वच्चु’ हे आपल्या ‘येणं’सारखंच येण्याच्याच धातूवरचं. ‘मला माहीत आहे’ हे ‘नाकु तॆलुसु’, ‘मला हवं’ हे ‘नाकु कावालि’, ‘मला भूक लागली’ हे ‘नाकु आकलि वेस्तोंदि’. ‘मला दोन भाऊ आहेत’ हेही ‘नाकु इद्दरु अन्नदम्मुलु उन्नारु’. पैसे मात्र मराठीत ‘माझ्याकडे’ असतात, तसे तेलुगूतही ‘ना दग्गर’ असतात: ‘ना दग्गर डब्बुलु उन्नायि’.

इतकं जुळल्यावर ‘मला जायला हवं’ याचं ‘नाकु वॆळ्ळालि’ करायला जीभ तयारच असते, आणि ते चूक ठरतं. कर्तव्य किंवा गरज सांगताना तेलुगूत कर्ता साधाच राहतो: ‘नेनु वॆळ्ळालि’. ‘नाकु’ येतो तो इच्छा सांगताना. ‘मला जावंसं वाटतंय’ म्हणजे ‘नाकु वॆळ्ळालनि उंदि’. कार्यालयात ‘मला लवकर निघायला हवं’ म्हणायचं असेल तेव्हा हा फरक लक्षात ठेवा.

क्रियापद ‘मी’कडेच बघतं

‘मी डोसा खाल्ला, मी इडली खाल्ली’ यात मराठी क्रियापद खाल्लेल्या पदार्थाचं लिंग घेतं. तेलुगूत डोसा असो की इडली, ‘नेनु तिन्नानु’. शेवटचा ‘-नु’ हीच ‘मी’ची खूण. ‘मी येतो’ आणि ‘मी येते’ हा भेदही नाही. बाई आणि पुरुष दोघंही ‘नेनु वस्तानु’ म्हणतात. घरून निघताना आपण ‘येतो’ किंवा ‘येते’ म्हणतो, तिथे दोघांसाठी ‘वॆळ्ळॊस्तानु’, म्हणजे जाऊन येतो. समोर वडीलधारी व्यक्ती असेल तर शेवटी ‘अंडि’ जोडा: ‘वॆळ्ळॊस्तानंडि’. ‘नेनु’चं वेगळं नम्र रूप नाही, नम्रता या ‘अंडि’तून येते.

तेलंगणातल्या रोजच्या बोलण्यात, आणि तिथून सोलापुरात येऊन वसलेल्या विणकर घरांतही, ‘वच्चानु’च्या (मी आलो, आले) जागी ‘नेनु वच्चिन’ असं ऐकू येईल. ते अशुद्ध समजू नका. पण शिकताना एकच वळण धरा. दोन्हींची खिचडी केली तर ऐकणारा गोंधळतो.

लिंगभेद मात्र एका जागी दबा धरून बसलाय. ‘मी इथे नवीन आहे’ हे पुरुषाने ‘नेनु इक्कड कॊत्तवाण्णि’ म्हणायचं, बाईने ‘कॊत्तदान्नि’. आणि ‘मी डॉक्टर आहे’ यातही नामाला ‘मी’ची खूण लागते: ‘नेनु डॉक्टर्नि’. अनेक डॉक्टर असतील तर ‘मेमु डॉक्टर्लम्’. ही ‘-नि’ गाळली तरी समजून घेतलं जातं, पण भाषा शिकायला आलेला परका माणूस त्यातूनच ओळखू येतो.

आई ‘आमची’ असते

आईवडिलांचा एकुलता एक मुलगाही ‘ना अम्म’ म्हणत नाही, ‘मा अम्म’ म्हणतो. घर, गाव, आईवडील, मुलं यांच्यासाठी ‘मा’: मा इल्लु, मा ऊरु, मा नान्न, मा अम्मायि. नवऱ्यासाठी ‘मा आयन’, बायकोसाठी ‘मा आविड’, आपल्याकडच्या ‘आमचे हे’ आणि ‘आमची ही’सारखंच. मुलाला ‘मा अब्बायि’ म्हणा. ‘ना कॊडुकु’ व्याकरणाने बरोबर आहे, पण त्याचंच संबोधन ‘ना कॊडका’ शिवी म्हणून वापरलं जातं, त्यामुळे नवख्याने त्या वाटेला जाऊच नये.

‘तुम्ही कुठले?’ म्हणजे ‘मीदि ए ऊरु?’. याला ‘नेनु नांदेड् नुंचि’ असं उत्तर देऊ नका. सरळ ‘मादि नांदेड्’ म्हणा, म्हणजे ‘आमचं नांदेड’.

आम्ही आणि आपण

हिंदी भाषक इथे अडखळतात, कारण त्यांच्याकडे एकच ‘हम’. मराठीत हा भेद आधीच आहे: ‘मेमु’ म्हणजे आम्ही, ऐकणारा वगळून, ‘मनमु’ किंवा ‘मनम्’ म्हणजे आपण, ऐकणाऱ्यासकट. तरी मराठी माणूस चुकतो, कारण आपला ‘आपण’ आणखी दोन कामं करतो. आदराने ‘आपण कुठे राहता?’ विचारतो, तो ‘आपण’ तेलुगूत ‘मीरु’. ‘त्याने आपलं पुस्तक आणलं’ म्हणजे स्वतःचं, ते ‘तन पुस्तकम् तॆच्चाडु’. तिथे ‘मन पुस्तकम्’ म्हटलं तर पुस्तक तुमच्या दोघांचं झालं. बोलण्याआधी विचारा, हा ‘आपला’ कोणाचा? दोघांचा असेल तर ‘मन’, समोरच्याचा असेल तर ‘मी’, कर्त्याचा स्वतःचा असेल तर ‘तन’.

‘चला जाऊया’ला नेहमी ‘मनम् वॆळ्दाम्’. ‘मेमु वॆळ्दाम्’ होत नाही, कारण बोलावणं समोरच्याला धरूनच असतं.

‘नेनु’ कधी गाळायचं

प्रत्येक वाक्याला ‘नेनु’ लावलं की बोलणं शाळेतल्या वहीसारखं वाटतं. ‘वस्तानु’ मधला ‘-नु’ पुरेसा आहे, ‘नेनु’ सोडून द्या. पण काही क्रियारूपांवर पुरुषाची खूणच नसते. ‘रालेदु’ म्हणजे आलो नाही, आला नाही, आले नाहीत, सगळंच. ‘वॆळ्ळालि’चंही तसंच. तिथे संदर्भ स्पष्ट नसेल तर ‘नेनु रालेदु’ असं पूर्ण म्हणा.

अनेकवचनात आणखी एक अडचण आहे. ‘मेमु’ आणि ‘मनम्’ दोघांनाही क्रियापदाचा शेवट एकच लागतो. त्यामुळे नुसतं ‘सिनिमाकि वॆळ्तुन्नाम्’ (सिनेमाला जातोय) म्हटलं तर समोरच्याला कळत नाही की त्यालाही नेताय, की फक्त सांगताय. तिथे ‘मेमु’ किंवा ‘मनम्’ तोंडाने म्हणावंच लागतं.