पित्ताची गोळी आणि गॅस्ट्रिनचा रिपोर्ट: पोटाच्या कॅन्सरबाबत या चुका टाळा

सोलापुरात शेंगाचटणी-कडक भाकरीनंतर छातीत जळजळलं, की माणूस थेट मेडिकल गाठतो. पॅन्टोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या पित्ताच्या गोळीची पट्टी संपते, दुसरी येते, वर्ष सरतं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. या गोळीने कॅन्सरमुळे पडलेला व्रणही वरवर भरू शकतो. दुखणं थांबतं, आजार आत वाढत राहतो. म्हणून दुर्बिणीतून व्रण भरत आलेला दिसला तरी डॉक्टर तुकडा तपासायला घेत असतील, तर ‘आता कशाला?’ म्हणू नका.

दुसरा गैरसमज: कॅन्सर म्हणजे आम्ल जास्त. बहुतेकदा उलटं असतं. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वर्षानुवर्षं जठरात राहिला की अस्तर झिजतं, आम्ल बनवणाऱ्या पेशी घटतात. सुरुवातीचा कॅन्सर पुष्कळदा अशाच कमी आम्लाच्या जठरात सापडतो. आम्ल घटलं की जठराच्या खालच्या भागातून गॅस्ट्रिन हे संप्रेरक जास्त सुटतं. आणखी आम्ल बनवा, असा तो निरोप. पण ऐकायला पेशी उरलेल्याच नसतात! झीज खालच्या भागातही पोचली, तर गॅस्ट्रिन बनवणाऱ्या पेशीही कमी होतात आणि आकडा नॉर्मल येऊ शकतो.

त्यामुळे गॅस्ट्रिन वाढलं म्हणून रडारड नको, नॉर्मल आलं म्हणून पेढेही नकोत. पित्ताच्या गोळीनेसुद्धा ते वाढतं. रक्त उपाशीपोटी द्यावं आणि चालू गोळ्या लॅबमध्ये सांगाव्यात; हे फार थोडे लोक करतात. रक्ताच्या तपासणीत पेप्सिनोजेन १ (जठराच्या अस्तरात बनणारं एक प्रथिन) आणि त्याचं पेप्सिनोजेन २ शी असलेलं प्रमाण कमी आलं, तर अस्तर झिजल्याचा संशय येतो. तोही कॅन्सरचा पुरावा नव्हे. खरं उत्तर दुर्बीण आणि तुकडा तपासणीच देते.

वजन उतरणं, काळी शी, गिळताना अडकणं, सारखी उलटी यांना पित्त म्हणून सोडू नका. बाईचं रक्त कमी दिसलं की घरचे ‘उपास फार करते’ म्हणून लोहाच्या गोळ्या आणतात. रक्त जातंय कुठून, हे कुणी विचारत नाही.

जंतूसाठी श्वासाची तपासणी असेल तर पित्ताची गोळी साधारण २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे आधी बंद लागतात, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. मात्र ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर पित्ताची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. व्रणातून रक्तस्राव होऊ शकतो.