पुराच्या बातमीत मी केलेली एक बेरीज

बूम कसा धरायचा, बाईट कसा घ्यायचा, लाइव्हला नेटवर्क कुठं मिळतं, हे तुम्ही आठवडाभरात शिकाल. त्यावर मी शब्द घालवत नाही. सोलापुरात लोकल चॅनलला लागलेल्या पोराला पहिल्या पावसाळ्यात गाडतो तो क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय त्याचा, आकडा. मला गाडलं, म्हणून जरा लांबड लावतो.

विसर्गाचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर येतो: वीर इतके, उजनी इतके, संगम इतके, पंढरपूर इतके. वीर हे नीरेवरचं धरण, उजनी भीमेवरचं. नीरा नदी नरसिंगपूरला भीमेला मिळते, तो हा संगम; पंढरपूर त्याच्या खाली, भीमेकाठी. समजा उजनीतून 60 हजार क्युसेक चाललंय आणि संगमावर 90 हजार आहे. मी काय केलं? रात्री अकराच्या लाइव्हला दोन्ही आकडे मिळवले आणि छाती फुगवून सांगितलं, "पंढरपूरकडे दीड लाख क्युसेक पाणी झेपावतंय." संगमाच्या नव्वदात उजनीचं पाणी आधीच आलेलं असतं, एवढं साधं डोक्यात आलं नाही. नीरेचं जे येतं ते वीर धरणाकडून; उजनीचा त्याच्याशी संबंध नाही. दोन्ही मिळून संगम. म्हणजे मी एकच पाणी दोनदा वाहवलं.

आमचे कॅमेरामन मामा कॅमेरा खाली ठेवत एवढंच म्हणाले, "संगमात उजनी नाही तर काय हिप्परग्याचं पाणी आहे का बे?" हिप्परगा म्हणजे सोलापूरजवळचा तलाव.

क्लिप तोवर मोबाइलवर फिरली होती. पंढरपुरात नदीकाठच्या वस्तीतल्या एका आजींनी रात्रीच गॅसची टाकी, धान्याचा डबा आणि शेळी घेऊन शाळा गाठली. पाणी त्यांच्या दारापर्यंत आलंच नाही. मला शिव्या पडल्या याचं काही नाही. पण पुढच्या खेपेला नगरपालिकेची गाडी भोंगा वाजवत आली, तेव्हा त्या आजी हलायला तयार नव्हत्या. "मागं पण असंच म्हणाला होता की टीव्हीवाला." हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

घाबरू नका. चूक सगळ्यांची होते आणि सुधारताही येते. मी पुढच्याच बुलेटिनला चूक झाली असं सांगून आकडा दुरुस्त केला, नोकरी गेली नाही. पण "अपडेट आकडा" असं गुळमुळीत बोलून निसटायचं नाही. प्रेक्षकाला कळतं.

धरणाच्या टक्क्यांचंही तसंच. उजनी "प्लसमध्ये" आली म्हणजे मृतसाठ्याच्या, धरणाच्या तळाशी राखून ठेवलेल्या सुमारे 63 टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याच्या, वर आली. 100 टक्के भरली म्हणजे पूर आला असं नव्हे; ती त्याच्याही वर, 111 टक्क्यांपर्यंत पाणी धरते. पूर ठरतो दरवाजांतून किती सुटतंय आणि नीरेत काय चाललंय यावर. एक टीएमसी म्हणजे साधारण 11,574 क्युसेकचा दिवसभराचा विसर्ग. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीनं माढा, मोहोळ भागाचे हाल केले, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला, तरी "उजनीतून किती सोडलं?" हे विचारणं थांबत नव्हतं. अहो, सीना भीमेला मिळते ती थेट कुडलला, दक्षिण सोलापुरात. लांबोटीच्या पुलाखालच्या पाण्याचा हिशेब सीना-कोळेगाव धरणाकडे, वरच्या पावसाकडे मागायचा. जिल्ह्याचा नकाशा पाठ नसलेल्यानं पुरावर बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शॉर्टकट सांगणारे सीनियर भेटतील. "गुडघाभर पाण्यात उभा राहा, टीआरपी येतो." ऐकू नका. गढूळ पाण्यात उघडी चेंबर दिसत नाहीत. जुनी क्लिप "आत्ताची" म्हणून चालव म्हणणारा तर गुरू नव्हेच. ऑक्टोबर 2020 मध्ये पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून माणसं गेली; ती दृश्यं नंतरच्या पावसात कुणी नवी म्हणून पाठवली, तर पाठवणाऱ्याला आधी फोन लावा. माझे खरे गुरू मामाच, ज्यांनी कधी लेक्चर दिलं नाही.

अजून एक: पुराच्या गावात लाइट नसते, टीव्ही बंद असतो. तुमचं बुलेटिन पाहतो तो पुण्यातला मुलगा, आणि तो गावातल्या आईला फोन करून सांगतो. म्हणून रस्ता कुठला बंद, निवारा कुठल्या शाळेत, हे आधी आणि दोनदा सांगा. "रौद्र रूप" नंतर. खरं तर नकोच.

आता आकडा वाचायच्या आधी मी नियंत्रण कक्षाला फोन लावतो. तीन प्रश्न: कुठला आकडा, किती वाजताचा, यात वरचं पाणी धरलंय का? रात्री दोनला पलीकडचा माणूस चिडतो. चिडू दे.