ओल्या हातांचा दिवा

जानेवारीतली संध्याकाळ, नागपूरच्या गोकुळपेठेतला एक छोटा हॉल आणि मधोमध माझं इन्स्टॉलेशन, म्हणजे जागेत मांडलेली कलाकृती: माझ्या आजीचे दोन पितळी लोटे. एक लोटा तुम्ही धरायचा, दुसरा समोरच्यानं. मोकळे राहिलेले हात एकमेकांच्या हातात दिले की वर टांगलेला दिवा लागणार. घरी पन्नासदा लागला होता, पण हॉलमध्ये काही केल्या लागेना. लोक यायचे, लोटा धरायचे, वर बघायचे आणि निघून जायचे. मला नुसतं रडायचं बाकी होतं.

तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, "थंडी आहे बाई, हात पाह्य कसे खरखरीत झाले! ओले करून पाहा ना." त्यांनी बाटलीतलं पाणी स्वतःच्या हातावर घेतलं, शेजारच्या अनोळखी मुलीच्या ओंजळीतही ओतलं. दिवा लागला.

कारण साधं होतं. कोरडी त्वचा वीज अडवते, ओली पुढे जाऊ देते. घरी मी चाचणी घ्यायचे ती भांडी घासून उठल्यावर, ओल्याच हातांनी! दुसऱ्या दिवशी मी लोट्यांशेजारी पाण्यानं भरलेलं घंगाळ ठेवलं, आणि माझं काम खरं तर तिथून सुरू झालं. माणसं एकमेकांच्या हातावर पाणी घालू लागली. हे मी आखलेलंच नव्हतं.

इन्स्टॉलेशन करायचंय म्हणून भेटायला येणारी मुलं पहिल्यांदा विचारतात, सेन्सर कोणता घेऊ? मी म्हणते, तुझ्या कामापाशी आलेली दोन माणसं एकमेकांसाठी काय करणार, ते आधी सांग. राफाएल लोझानो-हेमर या कलावंताचं 'पल्स रूम' (२००६) बघा. पत्नीच्या पोटातल्या जुळ्यांचे ठोके सोनोग्राफीत ऐकताना त्यांना ते सुचलं. खोलीभर शंभराहून अधिक बल्ब. तिथे बसवलेली, ठोका ओळखणारी मूठ (हँडल) धरली की जवळचा बल्ब तुमच्या हृदयाच्या ठोक्यावर उघडमिट करतो. मूठ सोडली की तुमचा ठोका रांगेतल्या पुढच्या बल्बवर सरकतो, बाकीचे सगळे एकेक घर पुढे जातात आणि सगळ्यात जुना ठोका बाहेर पडतो. कधीही न भेटलेल्या माणसांच्या रांगेत तुम्ही उभे राहता. किंवा २०१९ मध्ये रोनाल्ड राएल आणि व्हर्जिनिया सान फ्रातेल्लो या वास्तुरचनाकारांनी अमेरिका-मेक्सिको सीमेच्या कुंपणातून आरपार बसवलेले गुलाबी सी-सॉ. पलीकडे कुणी बसल्याशिवाय तुमची बाजू वर जातच नाही. त्यात एकही सेन्सर नव्हता.

आणि एवढं लांब तरी कशाला? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरातल्या महाल-इतवारीत उभं राहा. काळी-पिवळी मारबत, म्हणजे वाईट ते घेऊन जाणारे मोठाले पुतळे, मिरवणुकीनं निघते, "घेऊन जा गे मारबत" ही आरोळी हजारो गळ्यांतून येते आणि नुसता बघायला आलेला माणूसही ओरडायला लागतो. गर्दीला सामील कसं करून घ्यायचं, हे मी कॉलेजात जेवढं शिकले त्याहून जास्त त्या रस्त्यावर शिकले. बांबू आणि कागदाचा सांगाडा कसा उभा राहतो ते चितार ओळीतल्या, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीतल्या कारागिरांना विचारा. कामाच्या घाईचे दिवस सोडून गेलात तर मनापासून सांगतात.

आता जिवाशी संबंधित गोष्ट. माणसाच्या अंगातून जाणारा विजेचा मार्ग घरातल्या विजेला कुठेही जोडलेला नको. माझं सगळं पाच व्होल्टवर, पॉवर बँकेवर चालतं, आणि लोट्याच्या वायरीत एक मेगाओहमचा रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा छोटा भाग असतो. चार्जरला लावलेला लॅपटॉपसुद्धा मी जोडू देत नाही. सेन्सर आणि दिवे चालवणारा छोटा सर्किट बोर्ड म्हणजे आर्डुइनो, तो आठ दिवसांत शिकता येतो, त्याला घाबरू नका.

शिक्षणाचं म्हणाल तर बारावीनंतर चार वर्षांचं बीएफए (कलेची पदवी) आहे, नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. मी शिल्पकला घेतली, कारण हाताला वस्तूचं वजन कळायला हवं होतं. पोटापाण्यासाठी अजूनही लग्नाच्या मंडपांची सजावट करते. पहिली काही वर्षं असं दुसरं काम हाताशी ठेवाच.

काम मांडल्यावर तिथे उभं राहून समजावत बसू नका. कोपऱ्यात वही घेऊन बसा. माझ्या वहीत एक नोंद आहे: कॉलेजातला मुलगा आणि त्याचे बाबा. बाबांनी हात पँटला दोनदा पुसला, मग परत ओला केला. त्यांनी मुलाचा पंजा धरला नाही, मनगट धरलं, लहान पोराला रस्ता ओलांडून नेताना धरतात तसं. दिवा लागला तरी दोघंही वर बघत नव्हते. मी शेजारीच बडबडत उभी असते, तर हे घडलंच नसतं.

आजीचे लोटे परत केले. तळाशी वायर जोडायला डाग (सोल्डर) देताना काळा पडलेला ठिपका चिंचेनं घासूनही गेला नाही. यंदा इतवारीतून सहा लोटे घेतलेत. सहा जणांची साखळी धरायची तर हात किती ओले लागतात, हे सध्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना अंगणात उभं करून मोजतेय.