हलता पुतळा बंद पडला? या चुका टाळा

थीम पार्कमधला हलता पुतळा अडकला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मेंटेनन्सवाले काय करत होते?’ हीच पहिली चूक. रात्री पार्क बंद झाल्यावर टॉर्च तोंडात धरून पुतळ्याच्या पोटात शिरणाऱ्या माणसावर ती फार अन्याय करते.

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या ॲनिमल किंगडममध्ये २००६ साली ‘एक्सपीडिशन एव्हरेस्ट’ ही नकली डोंगरातून धावणारी रोलर कोस्टर सुरू झाली. शेवटी सुमारे २५ फुटी यती, म्हणजे हिममानवाचा हलता पुतळा, गाडीवर झेपावायचा. काही महिन्यांतच त्याची हालचाल थांबवली. तेव्हापासून तो स्ट्रोब लाइटच्या, म्हणजे भराभर उघडझाप करणाऱ्या दिव्याच्या लखलखाटात हलल्याचा नुसता भास होतो, म्हणून लोक त्याला ‘डिस्को यती’ म्हणतात. डोंगर, रूळ आणि यती यांचे सांगाडे वेगवेगळे आहेत, आणि यती बसलाय डोंगराच्या आत. ग्रीसगनने सुटणारा प्रश्न असता तर इतकी वर्षं रखडला नसता.

दुसरी चूक रोजची आहे. खांद्याच्या सिलिंडरमधून, म्हणजे तेलाच्या दाबाने हात हलवणाऱ्या नळीतून, तेल झिरपतं; तेल अडवणारी कडी, म्हणजे सील, बदलतात. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, पुन्हा नवं सील. इथे थांबा. सिलिंडरमध्ये मागेपुढे सरकणारा रॉड बाहेर काढा, पुसा आणि उजेडात हळूहळू फिरवा. सगळीकडून सारखे ओरखडे आणि तेल काळपट असेल, तर घाण आत जातेय. फिल्टर वेळेवर बदललेला नाही, चूक देखभालीची. पण एकाच बाजूला घासल्याचा चकचकीत पट्टा दिसला, तर सिलिंडरवर आडवा भार येतोय. सिलिंडर बसवण्याचा कोन चुकलाय, किंवा वजनाचा हिशेब नुसत्या सांगाड्याचा केला आणि वर रबरी कातडी, केस, कपडे चढवले. म्हणजे चूक डिझाइनची. अशा ठिकाणी शंभर सील बदलली तरी गळती थांबणार नाही.

लॉगबुकात ‘दुरुस्त केले’ एवढंच लिहू नका. कुठला सांधा, कुठली बाजू, किती फेऱ्यांनंतर (एक हालचाल म्हणजे एक फेरी), हे लिहा. बिघाड तिथेच परत येतोय का, हे त्याशिवाय कळत नाही.

आणि फेऱ्या मोजाच. गणपतीच्या हलत्या देखाव्यातली मोटर दहा दिवस टिकली तरी भागतं. पार्कमध्ये मिनिटाला एक हालचाल धरली, तरी संख्या दहा तासांत ६०० आणि वर्षाला दोन लाखांवर जाते. हालचाल जोरकस दिसावी म्हणून कुणी प्रोग्रॅममध्ये वेग वाढवला, तर हात थांबतानाचा प्रत्येक हिसका वेल्डिंगवर जातो. तडा महिन्यांनी दिसतो, तोवर वेग कुणी वाढवला हे सगळे विसरलेले असतात.

युनिव्हर्सलच्या फ्लोरिडा पार्कमधली १९९० ची ‘जॉज’ राइड आठवा. पाण्यातला शार्क इतका बिघडत राहिला की राइड बंद करून नव्याने बांधावी लागली. ती १९९३ मध्ये परत सुरू झाली.

म्हणून पुतळा ताब्यात घेण्याआधी, ड्रॉइंगवर बोट ठेवून डिझाइनवाल्यांना विचारा, ‘हे बेअरिंग बदलायला हात कुठून घालायचा?’ उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.