बाल्हाउसप्लात्झचे मुत्सद्दी आणि त्यांची निष्ठा : नव्या अभ्यासकांसाठी

ऑस्ट्रिया-हंगेरीच्या परराष्ट्रसेवेचा अभ्यास नव्याने हाती घेणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, अधिकाऱ्याच्या आडनावावरून किंवा मातृभाषेवरून त्याची निष्ठा गृहीत धरू नये. प्रबंधासाठी मी टिपणांची वर्गवारी वंशानुसार न करता अधिकाऱ्यांनी हाताळलेल्या प्रकरणांनुसार केली, आणि निष्ठेचे खरे रूप त्या प्रकरणांतच दिसले.

ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांच्यातील १८६७ च्या तडजोडीनंतर दोन्ही राज्यांना स्वतंत्र मंत्रिमंडळे मिळाली; परराष्ट्र व्यवहार, युद्धखाते आणि या दोन खात्यांपुरते अर्थखाते मात्र सामाईक राहिले. व्हिएन्नातील बाल्हाउसप्लात्झ या चौकातील परराष्ट्र मंत्रालयात जर्मन, हंगेरियन, पोलिश आणि क्रोएशियन घराण्यांतील माणसे एकाच सम्राटाच्या सेवेत होती. पोलिश सरदार अगेनोर गोवुखोव्स्की १८९५ ते १९०६ परराष्ट्रमंत्री होते. पोलंडचा मोठा भाग रशियाच्या ताब्यात असूनही बाल्कनबाबत त्याच रशियाशी १८९७ मध्ये समझोता झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत.

ग्युला आंद्राशी यांच्यापाशी मात्र अभ्यासकाने बराच काळ थांबावे. १८४८-४९ च्या हंगेरियन उठावात ते सामील होते आणि बंडखोर सरकारचे प्रतिनिधी म्हणून कॉन्स्टँटिनोपलला गेले होते. त्यांच्या गैरहजेरीत देहदंड ठोठावून १८५१ मध्ये त्यांना प्रतीकात्मक फाशीही देण्यात आली. तेच आंद्राशी १८६७ मध्ये हंगेरीचे पंतप्रधान झाले आणि १८७१ मध्ये साम्राज्याचे परराष्ट्रमंत्री. यात मला संधिसाधूपणा दिसत नाही. हंगेरीचे हित साम्राज्य टिकण्यातच आहे, ही त्यांची खात्री होती, आणि म्हणूनच स्लाव्ह प्रजेची संख्या आणखी वाढू नये ही हंगेरियन चिंता त्यांच्या बाल्कन धोरणातही उतरली. १८७८ मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी बोस्निया-हर्झेगोव्हिनाचे विलीनीकरण न मागता केवळ ताबा आणि प्रशासन मिळवले, त्यामागे ही चिंताही होती. म्हणजे राष्ट्रीय ओढ नाहीशी झाली नव्हती. सम्राटनिष्ठेच्या चौकटीत तिला वाट मिळाली होती.

पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरचे, जुलै १९१४ चे कागद वाचताना वंशावरून अंदाज बांधणे किती कुचकामी आहे ते कळते. ७ जुलैच्या सामाईक मंत्रिमंडळाच्या बैठकीत हंगेरीचे पंतप्रधान इश्तवान तिसा यांनी सर्बियावरील तातडीच्या हल्ल्याला विरोध केला, तर मंत्रालयातील हंगेरियन वरिष्ठ अधिकारी यानोश फोर्गाच कठोर कारवाईच्या बाजूचे होते. २३ जुलै रोजी सर्बियाला बेलग्रेडमध्ये दिलेल्या निर्वाणीच्या खलित्याचा मसुदा ज्यांच्या लेखणीतून उतरला, ते अलेक्झांडर मुसुलिन क्रोएशियन होते.

मूळ कागद पाहायचे असतील तर व्हिएन्नातील मिनोरिटेनप्लात्झवरील अभिलेखागार गाठावे, पण त्याआधी कुरेंट ही जुनी जर्मन हस्तलिपी शिकून घ्यावी, कारण हस्तलिखित शेऱ्यांत अधिकाऱ्याचे मत बरेचदा टंकलिखित मजकुरापेक्षा स्पष्ट असते. १९१८ नंतर लिहिलेल्या आठवणी सावधपणे वाचाव्यात. तोवर साम्राज्य मोडले होते, प्रत्येकाला एखाद्या नव्या देशाचा नागरिक व्हावे लागले होते, आणि जुन्या निष्ठेचा हिशेब त्या नव्या देशाच्या वाचकांपुढे मांडायचा होता. अशा आठवणीतील प्रत्येक दावा त्या वर्षीच्या पत्रव्यवहाराशी ताडून पाहिल्याखेरीज टिपणात घेऊ नये.