एसीच्या खोलीतल्या फटी: कुठे शोधायच्या, कशाने बुजवायच्या

मुंबई, रत्नागिरी, पणजीसारख्या दमट गावांत फटीतून गरम हवेबरोबर बाष्पही आत येतं. त्या बाष्पाचं पाणी करण्यातच एसीची बरीच वीज जाते. म्हणून २४ अंशांवर ठेवूनही खोली चिकट वाटते.

आधी शोध घ्या. एसी-पंखा बंद, खिडक्या-दार लावलेलं, पडदे बाजूला. खोलीला लागून असलेल्या बाथरूमचं दार उघडून तिथला एक्झॉस्ट चालू करा (गॅस गीझर पेटलेला असताना हे मुळीच नको). उदबत्ती चौकटीपासून दोन बोटांवर धरून सावकाश फिरवा. धूर वाकला, की तिथे खडूची खूण.

बारीक चिरांच्या मागे लागण्याआधी दाराखाली बघा. ३ फुटी दाराखालची १२ मिमी फट म्हणजे जवळपास ११० चौरस सेंटिमीटरचं भोक. तळहात आरपार जाईल एवढं. अॅल्युमिनियमच्या पट्टीतला ब्रश दाराला आतून स्क्रूने बसवा. केस फरशीला जेमतेम टेकावेत, दाबले गेले तर दार जड होतं. फोमची गुंडाळी स्वस्त पडते, पण फरशी पुसताना पाणी पिते आणि कुबट वास मारते.

दुसरी मोठी गळती एसीच्या पाइपांच्या भोकातून. तिथे बहुधा पीओपी भरलेलं असतं. ते ओल आणि थरथरीने तडकतं. ते खरवडून न सुकणारी मऊ पुट्टी भरा, बाहेरून न्यूट्रल (आंबट वास न येणारं) सिलिकॉन. पाणी जाणारी नळी दबू देऊ नका.

सरकत्या खिडकीत दोष बहुतेक वेळा चपट्या झालेल्या लोकरी पट्टीचा. पल्ला उचलून काढा, जुन्या पट्टीचा दोन इंचांचा तुकडा दुकानात न्या. बुडाची रुंदी आणि लोकरीची उंची दोन्ही जुळायला हवं. उंच पट्टी घेतली तर पल्ला अडकतो. २ × ४ फुटांच्या दोन पल्ल्यांना चारही कडांना, दोन्ही अंगांनी मिळून सुमारे ५० फूट लागते.

चौकट आणि भिंतीमधली चीर साफ, कोरडी करून सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घेऊ नका, सिमेंटवर ते नीट धरत नाही. चीर ६ मिमीहून रुंद असेल तर आधी फोमची दोरी दाबून बसवा. सिलिकॉन दोन्ही कडांनाच चिकटायला हवं. तळालाही चिकटलं तर ताणात फाटतं. त्यावर रंग बसत नाही, म्हणून आतून रंगवायचं असेल तिथे अॅक्रिलिक सीलंट वापरा.

खिडकीच्या खालच्या ट्रॅकमधली बाहेरची छोटी भोकं मात्र उघडीच हवीत, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी घरात. गॅस गीझर असलेल्या बाथरूमची झडपं कधीच बुजवू नका. कोंडलेला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. साधा स्प्लिट एसी ताजी हवा आणत नाही, तेव्हा उठल्याबरोबर दहा मिनिटं खिडकी उघडा.