भंगारातला तुकडा कुठल्या धातूचा? काटा आणि दोरा घ्या

काकांना लेथचा, म्हणजे धातू कातायच्या यंत्राचा भारी नाद, ते गेल्यावर गॅरेज आवरताना डालड्याच्या जुन्या डब्यात पंधरा-वीस तेलकट तुकडे निघाले, कशावर काही लिहिलेलं नाही. भंगारवाल्याला द्यायच्या आधी लोहचुंबक लावा, चिकटला तर बहुतेक लोखंड किंवा पोलाद, पण नाही चिकटला म्हणून स्टील नाहीच असं समजू नका, 304 नावाच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक जवळपास चिकटत नाही.

मग खरी मजा. तुकडा तेल पुसून किचनच्या डिजिटल काट्यावर तोला, आकडा लिहून ठेवा. आता पाण्याचा डबा काट्यावर ठेवून शून्य करा आणि तुकडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून नुसता धरून ठेवा, तळाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही. जो ग्रॅमचा आकडा दिसेल तेच घनफळ, सीसीमधे, कारण एक ग्रॅम पाणी म्हणजे एक सीसी. वजनाला त्याने भागा, की घनता मिळते. 2.7 च्या आसपास अ‍ॅल्युमिनियम, 7.1 जस्त, 7.9 स्टील, 8.5 पितळ, 8.9 तांबं, 11.3 शिसं. माझा एक राखाडी ठोकळा 171 ग्रॅम, पाण्यात 38, म्हणजे 4.5, चक्क टायटॅनियम! आणि मी तो अ‍ॅल्युमिनियमच्या ढिगात टाकला होता.

तुकडा बारका असेल तर एक ग्रॅमवाला काटा गंडतो, एकसारखे चार-पाच एकत्र बांधा.

1.7-1.8 आलं तर मॅग्नेशियम असू शकतं, त्याला ग्राइंडर अजिबात लावू नका, कीस पेटतो आणि पाणी मारलं की अजून भडकतो. शिसं हाताळलंत तर हात साबणाने धुवा, आणि काटाही पुसा, उद्या त्यावरच केकचा मैदा मोजायचाय.